सिद्रामची गळालेली ओळ

सिद्राम गेल्याचं मला कचेरीत कळलं. करकंबहून पोस्टकार्ड आलं होतं, कोपरा फाडलेलं. कावीळ अंगावर काढली, एवढंच त्यात होतं. वय चौतीस. महिना झाला, लोक अजून म्हणतात, हुशार माणूस, नशिबानं साथ दिली नाही. नशिबाचं नाव ऐकलं की मला संताप येतो... साथ मी दिली नव्हती.

भाषाशास्त्रात एम.ए. करून तो पुण्याहून सोलापुरात परत आला, तेव्हा ही पदवी कशाची ते त्याच्या घरी कुणालाच सांगता येत नव्हतं. घरात कन्नड, दारात मराठी, शेजारी हातमागावरच्या विणकरांची तेलुगू. भाषा त्याला अंगणातच मिळाल्या होत्या. पण त्याच्या डोक्यात गणकयंत्र शिरलं होतं. यंत्राला मराठी शब्द फोडायला शिकवायचं, आणि त्यासाठी मुंबईच्या एका संस्थेत पुढचं शिक्षण घ्यायचं. जागा एकच. अडचण गणिताची, मॅट्रिकला त्यात तो काठावर पास. तर हा गडी तिशीच्या उंबरठ्यावर रद्दीतून बीजगणिताची पुस्तकं आणून पाटीवर गणितं सोडवत बसला. दोन वर्षं.

यंत्र काही सोलापुरात पाहायला मिळत नव्हतं. मग यंत्र मी! दर रविवारी सकाळी त्याच्या माडीवर तो नियमांचे कागद आणि शब्दांची यादी माझ्यापुढं ठेवायचा.

"आबा, तुला मराठी येत न्हाई असं समज. कागदावर लिवलंय तेवढंच करायचं. डोकं चालवायचं न्हाई."

"ते मला सोपं हाय की," मी म्हणायचो.

तो खो खो हसायचा आणि मला एकट्याला सोडून खाली जायचा. यंत्राला कुणी खाणाखुणा करत नाही म्हणे.

एक नियम असा होता: शब्दाच्या शेवटी 'ला' दिसला की तो तोडायचा. 'गावाला' नीट तुटायचं. मग यादीत 'बंगला' आला. नियमाप्रमाणं तोही तोडायला हवा होता. मी अख्खा ठेवला. असे कितीतरी शब्द मी परस्पर सुधारले. त्याला वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं कारण असं की, एक चूक निघाली की तो सगळी यादी पहिल्यापासून करायला लावायचा, आणि मला घरी जेवायला जायची घाई असायची.

मुंबईत मुलाखतीच्या वेळी त्याचे नियम खऱ्या यंत्रावर चालवले. यंत्रानं बंगल्याचे दोन तुकडे केले. त्यानं नियमांसोबत जोडलेल्या माझ्या उत्तरांत बंगला शाबूत! परीक्षकांनी विचारलं, ही उत्तरं नियमांनी काढलीत की मनानं? तो म्हणाला, नियमांनी. त्यांनी कागद मिटले. जागा दुसऱ्याला गेली, आणि आयुष्यात कधी थाप न मारलेला माणूस खोटारडा ठरून परत आला.

स्टेशनवर मी न्यायला गेलो होतो. "तुझं बरोबरच व्हतं रे, आबा," तो म्हणाला. "पक्की नक्कल करताना माझ्याकडनंच येक ओळ गळाली असंल." नियमांचे कच्चे कागद केव्हाच बंबात गेले होते. मी त्याची पिशवी उचलली आणि टांगा बघायला पुढं झालो. तिथंच बोलायला हवं होतं. त्यानं पुन्हा कुठं अर्ज केला नाही. बायकोला घेऊन करकंबला गेला आणि शाळामास्तर झाला.

परवा मी तिथं जाऊन आलो. वहिनींनी चहा दिला आणि त्याच्या टेबलावरचा गठ्ठा पुढं केला. माझ्या अक्षरातली उत्तरं, प्रत्येकापुढं बरोबरची खूण. खाली त्याच्या बारीक अक्षरात एकाच नियमाचे कितीतरी मसुदे, सगळे खोडलेले.

"शाळेतनं आले की हेच घिऊन बसायचे बघा, भावजी. तीन वर्सं. गळालेली ओळ गावंना म्हनायचे. तुमाला ठावं असंल की?"

मी मान हलवली, नाही म्हणून. चहा संपवला आणि एस.टी. पकडली.

वहिनी, वर्तमानपत्राची ही पुरवणी तुमच्याकडं येते, म्हणून इथं लिहितो. ती ओळ त्यानं कधी लिहिलीच नव्हती.