गुलाबी पिल्लाचा कोंबडा

तुमच्या खिडकीखाली पहाटे कोंबडा आरवला, तर तुम्ही आधी कोणाकडे तक्रार करता?

नाहूरला आमच्या सोसायटीच्या भिंतीला लागून एका मावशींचं बैठं घर आहे. देवनारच्या कत्तलखान्याकडे जाणाऱ्या ट्रकमधून पडलेली लंगडी शेळी, दोन बदकं, एक आंधळं गाढव आणि लोकांनी टाकलेले कोंबडे त्यांच्या अंगणात राहतात. मावशी जनावरांना अहो-जाहो करतात, माणसांना अरे-तुरे. "अहो, सरका जरा," हे शेळीला. "ए, चप्पल बाहेर काढ," हे मला.

झोपमोड होते म्हणून आमच्या सेक्रेटरींनी ते अंगण रिकामं करून घेण्यासाठी महापालिकेकडे तक्रार केली. सभेत ते ती वाचून दाखवत होते, तेवढ्यात मावशी काखेत कोंबडा घेऊन आत आल्या आणि त्यांनी तो सेक्रेटरींच्या मांडीवर ठेवला.

"धर, तुझाच आहे. पोरीसाठी जत्रेतून गुलाबी रंगवलेलं पिल्लू आणलंस, आणि रंग उडाल्यावर माझ्या दारात टाकलंस ना?"

"मावशी, तेव्हा तो आरवत नव्हता हो."

"तुझी पोरगी पण आधी बोलत नव्हती. बोलायला लागल्यावर टाकलीस का तिला?"

सभा हसली, पण तक्रार कोणी मागे घेतली नाही. येत्या रविवारी सकाळी जनावरं उचलायला गाडी येणार आहे. मावशी फाटकात बसणार आहेत, मीही बसणार आहे. तुम्हीही या. फाटक अरुंद आहे. आपण चारजण मांडी घालून बसलो तरी गाडी आत जाणार नाही.