दलालभाऊंचं डागी मांजर

अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि आमच्या अकोल्याच्या बाजारात कसाही कापूस सोन्याच्या भावाने विकू लागला. मी ज्यांच्याकडे मापारी होतो, त्या दलालभाऊंचं नाक मात्र वरच राहिलं. ते कापूस मुठीत दाबत, हुंगत, आणि जरासा डाग दिसला की म्हणत, “न्या परत.”

मुंबईच्या एका व्यापाऱ्याने त्यांना सयाम देशाचं मांजराचं पिल्लू दिलं, तेव्हा ते रुईसारखं पांढरं होतं. पुढे त्याचं तोंड, कान, पाय, शेपूट सगळं काळं पडत गेलं. भाऊंनी त्याला रिठ्याने घासून पाहिलं. ते तान्ह्या पोरासारखं रडलं, आणि तरीही कुत्र्यासारखं त्यांच्याच मागे फिरू लागलं.

एकदा भाऊंनी एका शेतकरी बाईची डागी कापसाची गाडी परत फिरवली. बाईने त्यांच्या मांडीवरच्या मांजराकडे बोट दाखवलं.

“हे त अर्धं काळं हाय. हे काहून नाही फिरवलं?”

“त्याचे डोळे त पाह्य, बाई. कसे निळे हायेत!”

“माहे लाल हायेत, रातभर गाडी हाकून.”

 मांजर बाईची बाजू घेतल्यासारखं बोंबलत सुटलं. भाऊंनी गाडी आत घेतली आणि मला म्हणाले, “हुंगू नोको. तोल.”