दहा दिवसांचे पाच

त्या नर्सवर माझा राग अजून आहे. तिनं मला छळलं म्हणून नाही. छळलंच, पण ते मी विसरलो असतो. ती पहिल्याच घासाघिशीत निम्म्यावर उतरली, हे विसरत नाही.

मी बैलांचा दलाल. बापाकडे ना शेत होतं ना जोडी. शेलूबाजारात दुसऱ्यांचे बैल हाकत हाकत धंदा शिकलो. आमच्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. दुपट्टा टाकायचा, त्याखाली समोरच्याचा हात घ्यायचा आणि त्याची जितकी बोटं धरून दाबली तितका आकडा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. मी जे काही झालो ते या उजव्या हातावर झालो.

त्याच तळहातात बाभळीचा काटा मोडला. सुईनं टोकरून काढला आणि विसरलो. चौथ्या दिवशी हात टम्म फुगला, अंगात ताप भरला. वाशीमच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आत्ताच चिरा द्यावा लागेल, उद्यावर टाकलं तर हात जाईल. दुपारी चिरा दिला, वाटीभर पू काढला. टाके न घालता जखम उघडीच ठेवली, आत पट्टी भरली आणि संध्याकाळी घरी सोडलं. भरती व्हावं लागलं नाही, म्हणजे दुखणं किरकोळ, असं मी धरून चाललो.

निघताना ड्रेसिंगच्या खोलीतली नर्स म्हणाली, "दहा दिवस रोज यायचं. तिसऱ्या दिवसापासून मी बोटं हलवून घेईन. नाही हलवली तर आखडतीन."

"रोज कायले? जीपनं येनं पडते बाई मले. तीन दिवस करा."

"तीनात नाही होत."

"चार."

"भाऊ, हा बैलबाजार हाय काय?"

बाकावर पंधरा-वीस माणसं ताटकळली होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं, एक दिवसाआड या. पाच खेपा. पन या."

दहाचे पाच. घरी येईपर्यंत मी खूष होतो. मग डोकं चालवलं. ज्याचा बैल खरा, तो मालक जागचा हलत नाही. जो एका दमात निम्म्यावर येतो, त्यानं भाव फुगवूनच सांगितलेला असतो, आणखी ताणला तर आणखी उतरतो. मग हे पाचही खरे कशावरून? दोन खेपा पुष्कळ झाल्या, असं मी ठरवून टाकलं.

तिसऱ्या दिवशी गेलो. ती नर्स कोणाला नावानं बोलवत नव्हती. "पाय!" म्हणाली की एक लंगडत आत जायचा. "पोट!" म्हणाली की एक बाई पोट धरून उठायची. दोन तासांनी हाक आली, "हात!"

"मले नाव हाय," मी म्हणालो.

"माहीत हाय. हात ठेवा."

आतली पट्टी सुकून मांसाला चिकटली होती. तिनं थोडं पाणी सोडलं आणि एका हिसक्यात ओढली. मग बोटं धरून एकेक वाकवायला, सरळ करायला लागली. मी गुरासारखा ओरडलो आणि तोंडात येईल ती शिवी तिला हासडली. बाहेरून कोणीतरी म्हणालं, "वेसन घालतानी बैलही इतका नाही वरडत बाप्पा!" सगळा बाक हसला. ज्याच्या बोटावर या जिल्ह्यातल्या जोड्या फिरतात, त्याला हसला.

"आवाज कमी करा," ती म्हणाली. "परवा या."

मी परवा गेलो नाही. पुन्हा गेलोच नाही.

धंद्यात माझ्या हाताखाली माझा साळा होता. तो म्हणाला, "भाऊजी, पट्टी मी करून देतो, त्यात काय मोठं?" रोज कोमट पाण्यानं धुवायचा, मलम लावायचा आणि मूठ वळवून अख्खा हात करकचून बांधायचा. जरा दुखलं की म्हणायचा, "नका हलवू, राहू द्या." त्याचा हात हलका. नर्सपेक्षा हा बरा, असं मी चार माणसांत सांगितलं. तीन आठवड्यांत जखम भरली. पट्टी सोडली तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळहाताला चिकटल्यासारखी वळलेली होती. उघडता उघडेनात.

त्याच आठवड्यात रिठदच्या एका म्हाताऱ्याची जोडी बाजारात आली होती. दुपट्टा टाकला. चार बोटं धरायला गेलो, हाती तीनच आली.

म्हातारा भडकला. "तीन? फुकटात मांगून राह्यला काय बे?"

मी घाईनं उजवा हात काढून डावा घातला. त्यानं आपला हात ओढून घेतला. "डाव्यानं सौदा? पोरीचं कुकूही डाव्या हातानं लावतं काय?"

साळा पुढे झाला. "भाऊजी, तुमी बसा. मी पाहतो." सगळ्या बाजारादेखत मी त्याला आईवरून शिवी दिली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली, दुपट्ट्याखाली हात घातला आणि जोडी उचलली. कितीला, ते मला संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या सकाळी मी वाशीमला गेलो. त्याच नर्सनं हात पाहिला, वळलेलं बोट ओढून पाहिलं. या खेपेला मी ओरडलो नाही.

"किती खेपा आलते?"

"एक."

"आता दोन महिने. रोज. तरी पुरं उघडंनच असं नाही."

"दीड महिना करा," मी म्हणालो. सवयीनं नव्हे. ती उतरते का, ते मला पाहायचं होतं.

"नाही."

"एक दिवसाआड."

"नाही म्हनलं ना. रोज."

ती जागची हलली नाही. तेव्हा कळलं की हा भाव खरा आहे. पहिल्या दिवशी अशीच अडून बसली असतीस तर, असं तोंडावर आलं होतं, पण म्हणालो नाही. बोट तिच्या हातात होतं.

आता रोज पहाटेची जीप धरतो. बाजार साळा सांभाळतो. बाकावर बसलेले मला ओळखतात. "बैल आला," असं हळूच म्हणतात, मला ऐकू जाईल इतकंच हळू. मी खाली पाहतो आणि बोटं चोळत बसतो.

"हात!"

मी उठतो.