दादांचा उजवा कान

"फुडं यून सांग, गड्या!"

हे दादांचं पालुपद. पाठीमागून कुणी काही बोललं की ते गर्रकन वळायचे आणि उजवा कान पुढे करून म्हणायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, गडी भांडायलाच निघालाय. एकदा वर्गात मागून आलेल्या प्रोफेसरांनाही त्यांनी हेच सुनावलं आणि मग तोंडभर हसत हात जोडले.

दादा कुंडलचे. लढाईवर ब्रह्मदेशात तोफखान्यात होते. लढाई संपल्यावर सांगलीला आमच्या कॉलेजात आले, तेव्हा आम्ही मिसरूड फुटलेली पोरं आणि ते बायकोपोराचे धनी. पलटणीत शिकलेला फुटबॉल असा खेळायचे, की पहिल्याच दिवशी कॅप्टनने त्यांना सेंटर हाफला घेतलं.

पहिला सामना सांगलीतच होता. फाउल झाला, रेफ्रीने शिट्टी मारली, सगळे थांबले. दादा मात्र एकटेच चेंडू घेऊन धावत सुटले आणि गोल मारून आनंदाने नाचू लागले. लोक पोट धरून हसले. पुन्हा तसंच झालं तेव्हा रेफ्रीने त्यांना उद्धट ठरवून बाहेर काढलं. आम्ही हरलो. "उद्यापासून हे नकोत," कॅप्टन म्हणाला.

त्या संध्याकाळी विश्रामबागेच्या रस्त्याने मी त्यांच्या मागून चाललो होतो. टांगेवाला मागून घंटा बडवत होता, ओरडत होता, तरी दादा रस्त्याच्या मधोमध. मी धावत जाऊन त्यांना बाजूला ओढलं. ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या ध्यानात आलं, हे त्यांनाही कळलं.

दुसऱ्या दिवशी सरावाआधी ते स्वतःच सगळ्यांसमोर उभे राहिले.

"कान गेल्यात माजं. डावा समदा गेला, उजव्यातनं वाईच येतं. त्यापायी पलटणीनं घरी धाडलं. तुमी बी काढनार असाल तर आत्ताच सांगा."

कॅप्टन म्हणाला, "दादा, शिट्टी झाली की आम्ही हात वर करू. तुम्ही आमच्याकडं बघत जा."

तुम्ही त्या वर्षी आमचा एखादा सामना पाहिला असेल, तर शिट्टी वाजताच दहा हात वर जाताना पाहून हसलाही असाल. पण त्या हातांवर आम्ही सामन्यामागून सामने जिंकलो आणि अंतिम सामन्यासाठी साताऱ्याला पोचलो.

तिथे शेवटपर्यंत बरोबरी. ऊन तिरपं झालेलं. आमच्या गोलसमोर दादांनी चेंडू अडवला आणि गोलकीपरकडे द्यायला वळले. गोलकीपरच्या डोळ्यांवर ऊन आलं, म्हणून त्याने आडोशाला हात वर धरला. दादांनी तो हात पाहिला आणि पाय जागीच थांबवला. शिट्टी झालीच नव्हती. साताऱ्याच्या पोराने त्यांच्या पायातला चेंडू काढून गोल केला.

परतीच्या मोटारीत गोलकीपर हुंदके देऊन रडत होता. दादा उठून त्याच्या शेजारी जाऊन बसले. फडक्यातली भाकरी मोडून त्याच्या हातात ठेवली.

"माझ्यामुळं गेलं, दादा."

"अरं, तू हात वर केलास, म्या थांबलो. उद्या बी करशील तर उद्या बी थांबीन. खा आता."

त्या उन्हाळ्यात त्यांचे वडील अंथरुणाला खिळले. उसाचं रान बघायला दादा गावी गेले, ते कॉलेजात परत आले नाहीत.

पुष्कळ वर्षांनी कामानिमित्त कुंडलला गेलो, तेव्हा घर विचारत गेलो. दादा आदल्याच महिन्यात वारले होते. वहिनींनी चहा दिला. मी त्यांच्या खेळाचं बोलत होतो, त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या,

"आवं, निजताना ते कायम उजव्या कुशीवर निजायचे. चांगला कान उशीत दाबून. म्या एकदा इचारलं, असं का वं? तर म्हनाले, आता तोफ वाजली तरी मला आयकू यायची न्हाई."