शेवटच्या गल्लीचं पाणी

तुमच्या गावच्या शाळेत मुलांच्या हातात झाडू देऊन फोटो काढला, त्या दिवशी मुलं नेमकं काय शिकली, हे तुम्ही कधी कुणाला विचारलंय का?

मीही विचारलं नव्हतं. मुखेड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी कंत्राटी शिक्षक होतो. दर शनिवारी झाडलेलंच अंगण मुलांकडून पुन्हा झाडून घ्यायचं आणि 'समाजसेवा' म्हणून फोटो वर पाठवायचे. शेवटी कंटाळलो. सातवीत गुणोत्तर चाललं होतं. एका दुपारी वर्गाला म्हटलं, गावाच्या कामी येईल असं काहीतरी मोजू.

मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, पाणी मोजा की. माझा पहिला तास त्याच्यातच जातो."

ती बौद्धवस्तीत राहायची. नळाला पाणी सोडायचा क्रम ठरलेला: आधी वेशीकडची गल्ली, मग मशिदीमागची, शेवटी त्यांची. तिथं पाणी पोचेतो शाळेची प्रार्थना होऊन जायची. आई मजुरीला गेलेली, घागरी हिनेच भरायच्या. पहिला तास गणिताचा. तिची गैरहजेरी मीच लावत होतो.

आठवडाभर मुलं तिन्ही गल्ल्यांत घड्याळ घेऊन उभी राहिली. वेशीजवळ घागर भरून वाहायची, तेवढ्या वेळात शेवटच्या नळाखाली जेमतेम तळ झाकायचा. पाणी सोडणारे काका चिडवायचे, "काय साहेब, आज तपासणी हाय का?" आणि चावी कशी फिरवायची तेही दाखवायचे.

मुलीने तक्ता केला. खाली एकच मागणी: एक दिवस वरून, वेशीकडून पाणी सोडा, एक दिवस खालून, आमच्या गल्लीपासून. ग्रामसभेत ती स्वतः वाचणार होती.

आदल्या दिवशी मी त्या तक्त्यावर लाल रंगात मथळा लिहिला: 'पाण्यातली जातव्यवस्था मुर्दाबाद'. लहानपणापासून चळवळीच्या पत्रकांच्या घड्या घालत वाढलो; मथळ्याशिवाय कागद मला अपुरा वाटतो. तिने वाचलं. तक्ता गुंडाळून घेतला.

ग्रामसभेत तक्ता उघडला आणि पुढच्या रांगेतल्या एकाने आधी मथळाच वाचला. "हे लेकरांचं न्हाई, मास्तरचं हाय. बस गं बाई खाली."

मी उठलो. मग मी आणि ते, ते आणि मी. जे बोललो ते खरंच होतं, आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही. पण घागरीचं नाव कुणी काढलं नाही. ती हातात कागद घेऊन बराच वेळ उभी होती. मग बसली.

परत येताना म्हणालो, "माझं चुकलं."

"सर, मी नुसतं घागरीचंच वाचणार होते," ती म्हणाली. "काकाबी हाव म्हणले होते. सभेत तेवढं वाच, उद्यापासून खालून सोडतो म्हणले."

आता मी लोह्याकडच्या शाळेत आहे. त्या गावात पाणी अजून वरूनच सुटतं, असं कळतं. ती आठवीत गेली. पहिला तास तसाच बुडतो. मला थकवा आलाय, लपवत नाही.

तुमच्याकडं एवढंच मागतो. पुढच्या ग्रामसभेला जाताना शाळेतल्या एखाद्या मुलीला तिने मोजलेल्या आकड्यांसह सोबत न्या. तिचा कागद तिलाच वाचू द्या. कुणी "बस खाली" म्हणालं तर "तिचं होऊ द्या" एवढंच म्हणा, आणि तिचं वाचून होईपर्यंत स्वतः गप्प बसा.