स्टेपनीतली हवा

ती माझी पाठची बहीण. आई-वडिलांनी नाव चांगलं ठेवलं होतं, पण रांगायला लागली तशी घरभर अशी फिरायची की मी तिला भिंगरी म्हणायला लागलो आणि सगळ्या गल्लीनं तेच उचललं. आता पन्नाशीला टेकली, केस पिकले, तरी भिंगरीच. तिला गाडी चालवायला मी शिकवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण दुसरं कोणी सांगणार नाही. मी सातवीतच शाळेला रामराम ठोकला आणि कारखान्याच्या गेटवर आयुष्य काढलं, पण क्लच कधी सोडायचा हे मला झोपेतून उठवून विचारा. आणि तिच्याइतकी नीट गाडी ठेवणारा माणूस आमच्या भागात कोणी दाखवला, तर मी उभा राहून सलाम ठोकीन. अजून कोणी दाखवलेला नाही.

गाडी तशी लहान. म्हणायला एसयूव्ही, पण उंची मोठ्या गाडीची आणि पोट छोट्या गाडीचं. रंग राखाडी. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ती जुनी घेतली आणि आजारी माणसांना टेकडीपलीकडच्या हॉस्पिटलात नेण्या-आणण्याचं काम धरलं. दाजी बोलायला कंजूष. दिवसभरात चार शब्द खर्च केले तर संध्याकाळी दमायचे. पण एक गोष्ट ते भिंगरीला नेहमी सांगायचे. "आपल्या गाडीत बसणाऱ्याला आधीच पुष्कळ काळजी असते. गाडीची काळजी त्याला नको. ती आपण करायची."

आणि करायचे. सकाळी इंजिन थंड असताना डिपस्टिक काढून ऑइल बघायचं, कूलंटची पातळी बघायची, बॅटरीच्या टोकांवर पांढरं साचलं असेल तर गरम पाणी ओतून ब्रशनं घासायचं, बेल्टवर बोट फिरवायचं, कुठे चीर लागते का ते. शेवटी गाडीभोवती एक फेरी मारायची आणि चारही टायरांवर तळहात ठेवायचा. जसा आपण पोराच्या कपाळाला लावतो तसा. भिंगरी हे सगळं दारात उभी राहून बघायची. मूलबाळ नव्हतं. बघायला तेवढंच होतं, असं ती एकदा मला म्हणाली, आणि मी विषय बदलला.

दाजी गेले तो दिवस साधाच होता. संध्याकाळी त्यांनी स्टेपनी काढून अंगणात टेकवली आणि उभ्या पंपानं, दोन्ही हातांनी दाबत, तिच्यात हवा भरली. पंक्चरवाल्याच्या मशीनवर त्यांचा विश्वास नव्हता. "त्याच्या मीटरचा काटा त्याचेच लाड करतो," म्हणायचे. हवा भरली, व्हॉल्व्हची टोपी घट्ट बसवली, स्टेपनी डिकीत तळाशी ठेवून वर चटई अंथरली. मग आत येऊन म्हणाले, "पाणी दे गं." भिंगरी पाणी घेऊन आली तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. पाणी तिच्या हातातच राहिलं.

लोक म्हणाले, गाडी विक. जाऊबाईंनी तर गिऱ्हाईकसुद्धा आणलं. भिंगरी म्हणाली, "गाडी चालवते मी." जाऊबाई हसल्या. "अगं, तुला कांदा चिरताना चक्कर येते, गाडी कसली चालवतेस!" मग मी मध्ये पडलो. मैदानावर रोज पहाटे तिला शिकवलं. पहिल्या दिवशी तिनं गाडी खांबाच्या अंगावर घातली, पण त्यात खांबाचीही थोडी चूक होती.

तेव्हापासून दाजींचे सगळे पेशंट तिनं पुढे चालवले, आणि गाडी वाटेत म्हणून कधी थांबली नाही. मी चहाच्या टपरीवर गॅरेजवाल्यासमोर, पंक्चरवाल्यासमोर, जो ऐकेल त्याच्यासमोर सांगायचो, "माझ्या बहिणीची गाडी पेशंटला घेऊन रस्त्यात अडकली, तर ही मिशी उतरवीन." गॅरेजवाला म्हणायचा, "दादा, मशीन आहे ते." मी म्हणायचो, "मिशी पण खरी आहे, ओढून बघ."

आता एक गोष्ट, जी तिनं मला खूप नंतर सांगितली, पण इथेच सांगतो. भिंगरी गाडीचं सगळं बघायची. ब्रेक पॅड झिजायच्या आत बदलायची, एअर फिल्टर झटकायची, पुढची चाकं मागे आणि मागची पुढे वेळेवर करून घ्यायची. फक्त स्टेपनीला हात लावायची नाही. पंक्चरवाला दर वेळी चटई उचलायला जायचा.

"ताई, स्टेपनीची पण हवा बघून देतो."

"राहू दे. तिच्यात आहे."

"न बघताच?"

"न बघताच."

हवा बघायची तर व्हॉल्व्हला मीटर लावावा लागतो, आणि लावताना फुस् करून थोडी हवा सुटते. तेवढी तिला सुटू द्यायची नव्हती. त्या चाकात दाजींनी भरलेली हवा होती. घरात त्यांचे शर्ट होते, चप्पल होती, पण ती रिकामी होती. हे एकच त्यांनी स्वतः भरून ठेवलेलं. कधी फार जड वाटलं तर ती डिकी उघडून चटईवर हात ठेवून उभी राहायची. शेजारच्यांना वाटायचं, सामान शोधतेय.

तिच्या पेशंटांत टेलरकाका जुने. दाजींच्या वेळेपासूनचे. दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. काकू कायम सोबत, आणि काकूंची जीभ काकांच्या कात्रीपेक्षा धारदार. काका गाडीत बसताना रोज म्हणायचे, "चला, धोब्याकडे. रक्त मळलंय." काकू म्हणायच्या, "जीभ पण धुऊन मिळते का विचारा." भिंगरी आरशात बघून हसायची. त्या गाडीत दिवसातलं तेवढंच हसणं.

त्या सकाळी काका हसले नाहीत. चेहरा सुजला होता, बुटाची नाडी बांधता येत नव्हती. "कालपासून पाणी चढलंय," काकू म्हणाल्या, "जरा लवकर पोचव."

टेकडीच्या वळणावर कुठल्या तरी ट्रकमधून खडी सांडली होती. भिंगरीनं गाडी हळू केली, तरी एक धारदार दगड मागच्या चाकाच्या कुशीत घुसला. आवाज मोठा नव्हता. गाडी एका बाजूला बसली, बस्स. उतरून बघते तर टायरच्या बाजूला तोंड उघडावं तशी चीर. बाजूला फाटलेला टायर शिवता येत नाही, बदलावाच लागतो.

"काकू, घाबरू नका. आत्ता बदलते."

तिला येत होतं. नट आधी सैल केले, मग जॅक लावला, चाक उतरवलं. मग डिकी उघडली, चटई बाजूला केली आणि दाजी गेल्यानंतर पहिल्यांदा स्टेपनी उचलली. बोटांना धूळ लागली. ती धूळ तिनं पुसली नाही. चाक बसवलं, नट आवळले आणि जॅक खाली घेतला. गाडी खाली आली आणि येतच राहिली. टायर रस्त्यावर पोळीसारखा पसरला आणि लोखंडी रिम जमिनीला टेकली.

भिंगरी तिथेच उकिडवी बसून राहिली.

खिडकीतून काकांनी वाकून बघितलं. दम लागलेला, तरी म्हणाले, "माझ्यात पाणी जास्त, तुझ्या चाकात हवा कमी. अदलाबदल करता आली असती तर दोघांचं भलं होतं, बाई."

काकू मात्र खाली उतरल्या. "एवढी वर्षं तुझा भाऊ मिशीला पीळ देत फिरतोय. गाडी अशी, गाडी तशी! आणि स्टेपनीत हवा नाही? ह्यांचा जीव काय मिशीला टांगून ठेवू?"

भिंगरी काय सांगणार? तिनं मला फोन केला. "दादा, आमच्या घरात खिळ्याला ह्यांचा पंप आहे. तो घेऊन टेकडीच्या वळणावर ये. काही विचारू नकोस."

मी स्कूटरवर पंप आडवा बांधून निघालो. मी पोचेपर्यंत तिनं येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात केला, पण भरलेल्या गाड्या होत्या, आणि एकजण थांबला त्याची सीट काकांना चढता येण्यासारखी नव्हती. काका मागच्या सीटवर आडवे झाले होते. काकू वर्तमानपत्रानं वारा घालत होत्या. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

मी पंप काढला, बाह्या वर केल्या. "सरक, दोन मिनिटांत फुगवतो."

"थांब दादा."

तिनं व्हॉल्व्हची टोपी काढली. दाजींनी बसवलेली, गंजून घट्ट झालेली. मग नखानं आतली पिन दाबली आणि कान जवळ नेला. काही नाही. एक फुस्सुद्धा नाही. तिनं पुन्हा दाबली, मग पुन्हा. मी म्हटलं, काय करतेस? तेव्हा तिनं रस्त्याच्या कडेला बसून, काकूंना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात, मला ती सगळी गोष्ट सांगितली. मग म्हणाली, "दादा, कधी गेली असेल रे ती?"

मला नेहमी उत्तर येतं. आमच्या घरात उत्तराचं काम माझ्याकडेच आहे. पण तेव्हा एवढंच सुचलं, "रबर आहे, भिंगरे. त्यातून जातेच. थोडी थोडी."

"म्हणजे मी चटईवर हात ठेवायचे तेव्हा..."

"तेव्हा थोडी असेल," मी म्हटलं. खोटं बोललो की खरं, मला माहीत नाही.

पंप तिनंच मारला. मला हात लावू दिला नाही. घाम तिच्या नाकावरून टायरवर पडत होता. मध्ये एकदा थांबली, मला वाटलं दमली. पण ती पंपाच्या लाकडी मुठीकडे बघत होती. मूठ मधोमध झिजलेली, दाजींच्या हाताएवढी. मग पुन्हा दाबायला लागली.

हॉस्पिटलात पोचले तेव्हा काकांची पाळी गेली होती आणि मशीनवर दुसरा पेशंट होता. नर्स म्हणाली, "आज सगळ्या मशीन भरल्यात. उद्या सकाळी पहिला नंबर तुमचा. आज पाणी अजिबात पिऊ देऊ नका." डॉक्टरांनी तपासलं, इंजेक्शन दिलं आणि जास्त त्रास झाला तर लगेच आणा म्हणून सांगितलं. येताना गाडीत काकांनी एकदा पाणी मागितलं. काकू म्हणाल्या, "नाही म्हणालेत ना."

काकांच्या दारात त्यांना आधार देऊन उतरवल्यावर ती म्हणाली, "काकू, उद्या सकाळी लवकर येते."

काकूंनी तिच्याकडे बघितलं. ह्या वेळी आवाजात धार नव्हती, तेच वाईट होतं. "मुलानं दुसरी गाडी सांगितलीय, बाई. तू वाईट नाहीस. पण मला आता तुझ्या गाडीत बसून त्या चाकाचाच विचार येईल."

दाजी हेच सांगायचे ना. काळजी पेशंटला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आरशासमोर उभा राहून मिशी उतरवली आणि तिच्याकडे गेलो. ती अंगणात होती. मागच्या चाकाला पंक्चरवाल्याकडचा नवा टायर बसवलेला, आणि स्टेपनी पायाशी, फुगवून टणक. मीटर लावलेला. मला बघून तिचा हात थांबला.

"दादा, हे काय?"

"शब्द म्हणजे शब्द."

"इतकी वर्षं ओठ कुठे लपवून ठेवला होतास?" असं म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. मी डिकी उघडून उगाच चटई झटकत बसलो.

"चल," ती म्हणाली. "काकांकडे."

"त्यांनी दुसरी गाडी सांगितलीय ना?"

"माहीत आहे. चल."

काकांच्या दारात पांढरी नवी गाडी उभी होती. ड्रायव्हर तरणाबांड, कानात वायर. काकूंनी आम्हाला बघून न बघितल्यासारखं केलं. काकांना दोघांनी धरून आणलं. रात्रीत ते आणखी सुजले होते, डोळे नुसत्या फटी. एक पाय गाडीत टाकून ते थांबले, दम घेतला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "अरे, स्टेपनीत हवा बघितलीस का?"

"असणारच की, काका. नवी गाडी आहे."

काका तसेच उभे राहिले, एक पाय आत, एक बाहेर. मान वळवून त्यांनी रस्त्यापलीकडे आमच्या राखाडी गाडीकडे बघितलं. काकूंनी खांद्याला हात लावला. "चढा आता. उशीर नको." काका चढले. दार लागलं.

पांढरी गाडी निघाली. भिंगरीनं गिअर टाकला आणि थोडं अंतर ठेवून तिच्या मागे निघाली. मागची सीट रिकामी. मी विचारलं, "कुठपर्यंत?"

"हॉस्पिटलपर्यंत."

टेकडीच्या वळणावर खडी अजून तशीच होती. पांढऱ्या गाडीनं वेग कमी केला नाही. भिंगरीनं पुढे वाकून तिच्या चाकांवर नजर रोवली, आणि मी काच खाली करून बसलो होतो, तर वारा सारखा उघड्या ओठावर लागत होता.