कोपर कोणी पाहिलंच नाही
दुकानात खुर्चीवर बसलेल्या गिऱ्हाइकाला मान हलवता येत नसली तरी तोंड चालवता येतं, हा त्या न्हाव्याच्या जन्माचा ताप होता. गावात त्याला नावाने कोणी ओळखत नसे. सगळ्यांसाठी तो ‘पेनल्टी’.

तरुणपणी तो फुटबॉलचा पंच होता. विभागीय चषकाच्या अंतिम सामन्यात, बरोबरी असताना, अगदी शेवटी त्याने पाहुण्या संघाला पेनल्टी दिली. चषक गावाबाहेर गेला तो पुन्हा फिरकलाच नाही. पाहुण्यांचा फॉरवर्ड गोलसमोर आडवा झाला, एवढंच लोकांनी पाहिलं. शिट्टी त्या पडण्याची नव्हतीच. त्याच क्षणी गावच्या बचावपटूने चेंडू कोपराने अडवला होता. हे सांगून सांगून न्हाव्याच्या तोंडाला फेस आला. पण लोकांना चघळायला ते पडण्याचं नाटकच बरं वाटे. कोपरात कोणाला रस?

चषक स्पर्धेला पन्नास वर्षं झाली तेव्हा गावच्या क्रीडा मंडळाने जुन्या खेळाडूंना आणि पंचांना बोलावलं. न्हाव्याने घरी भाषणाची तालीम केली. बायको म्हणाली, “थोडक्यात सांगा. तुम्ही चिडलात की लोकांना हसू येतं.”

सभागृहात माईक आधी त्या फॉरवर्डच्या हाती गेला. आता पोट सुटलेला, नातवंडांचा आजोबा. त्याने हसत हसत कबूल केलं की आपल्याला कोणाचा धक्काही लागला नव्हता, आपण मुद्दाम पडलो. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. न्हावी तडक उठला. अध्यक्षांना वाटलं, हा माफी मागणार. त्यांनी त्याला फॉरवर्डच्या मिठीत ढकललं, फोटो काढून घेतला आणि जेवण तयार असल्याचं जाहीर केलं.

मिठीतूनच न्हावी त्याच्या कानात म्हणाला, “तू पडलास म्हणून नव्हती दिली. आमच्या गावच्या बचावपटूचं कोपर लागलं होतं चेंडूला.”

फॉरवर्डचं हसू ओसरलं. “म्हणजे पेनल्टी खरी होती? अहो, मी इतकी वर्षं मनातल्या मनात चोर होतो.”

“मग सांग ना सगळ्यांना.”

फॉरवर्डने वळून पाहिलं. माईक बंद झाला होता, खुर्च्या रिकाम्या, ताटांपुढे ही झुंबड. “आता कोण ऐकतंय,” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं होतं की न्हाव्याचं डोकं आणखीच फिरलं. तो न जेवताच निघाला.

बायकोने दार उघडलं. ऐकलं का कोणी, तिने विचारलं.

“एकाने,” चपला भिरकावत तो म्हणाला. “तोही बाहेरगावचा.”